शिंपल्याची साक्ष नोंदवून घ्या

प्रति,
मा. सदस्य सचिव,
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, मुंबई

विषय : खाड्यांच्या नियमित तपासणीत शिंपल्यांच्या डीएनएची तपासणी सुरू करण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावात राहते. तीसेक वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. निवृत्त माणसाकडे अहवाल वाचायला वेळ असतो, त्यामुळे आपल्या मंडळाचे पाण्याचे आकडे मी नेमाने वाचते. सामू, विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी (पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते तो आकडा), कोलिफॉर्म (मैल्यातले जंतू). हे आकडे निरुपयोगी आहेत असं मी म्हणणार नाही. गावाचं सांडपाणी खाडीत किती येतं, पाण्याला श्वास घ्यायला जागा उरली आहे की नाही, हे त्यातून कळतं. पण ज्या खाड्यांत रासायनिक वसाहतींचं पाणी येऊन मिळतं, तिथे एवढ्यावर भागत नाही.

कारण साधं आहे. बाटलीतलं पाणी बाटली भरली त्या क्षणापुरतंच बोलतं. खाडीचं पाणी दिवसातून दोनदा आत येतं, दोनदा बाहेर जातं. सकाळी दहाच्या भरतीला नमुना घेतला, तर आदल्या रात्रीच्या ओहोटीला काय वाहून गेलं ते त्या बाटलीत नसतं. खाडीकाठची माणसं 'रात्री सोडतात' म्हणतात. कोण सोडतं, सोडतं की नाही, हे मला माहीत नाही आणि या पत्रात मी कोणाचं नाव घेणार नाही. माझा मुद्दा एवढाच, की आपण ज्या साक्षीदाराला विचारता तो रात्री तिथे नव्हता. जो होता, त्याला कुणी विचारत नाही.

तो म्हणजे शिंपला. तिसऱ्या, मुळे, कालवं, शिनाणे. जागा सोडून पळता येत नाही. कालव तर आयुष्यभरासाठी खडकाला चिकटलेलं. खायचं ते पाणी गाळूनच, आणि एक चांगला पोसलेला शिनाणा ताशी लिटर-दोन लिटर पाणी सहज गाळतो. त्या पाण्यातले जड धातू, तेलातली बहुचक्रीय हायड्रोकार्बनं हे सगळं त्याच्या अंगातून जातं आणि बरंचसं अंगात राहतं. माशाचं यकृत तेलातली ही रसायनं फोडून बाहेर टाकण्यात बऱ्यापैकी पटाईत असतं. शिंपल्याला ती कला फारशी जमत नाही. त्याचं हे अपंगत्वच आपल्या कामाचं.

ही कल्पना माझी नाही आणि नवीही नाही. अमेरिकेतले सागरी रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ मध्ये 'मसल वॉच' सुचवलं (इंग्रजीत मसल म्हणजे आपला शिनाणा) : जगाच्या किनाऱ्यांवरचे शिनाणे गोळा करून त्यांच्या मांसात काय साठलंय ते मोजत राहायचं. अमेरिकन सरकारच्या सागरी खात्याने १९८६ पासून ते नियमित सुरू केलं. पण साठा मोजणं ही पहिली पायरी. शिंपल्याच्या मांसात अमुक इतकं शिसं आहे, एवढ्याने त्या शिशाने त्याचं काय बिघडवलं ते कळत नाही. शिवाय खाडीत एकटं शिसं कधी नसतं. दहा-वीस गोष्टींचं मिश्रण असतं, प्रत्येक गोष्ट वेगवेगळी मोजली तर मर्यादेच्या आत, आणि एकत्र मिळून काय करतात ते कुठल्याच रकान्यात नाही. ते विचारायचं तर पेशीलाच विचारावं लागतं. पेशीत सगळ्यात जपून ठेवलेली वस्तू म्हणजे डीएनए. तो तुटलाय का?

हे कसं बघतात, ते थोडं विस्ताराने लिहिते. या पत्राच्या प्रती गावात आणि कॉलेजांतही वाचल्या जातील, आणि 'डीएनए' म्हटलं की लोकांना वाटतं हे काहीतरी हैदराबादच्या मोठ्या प्रयोगशाळेतलं काम.

तिसऱ्यांचं एकशिपी करताना आपण विळीवर शिंपला उघडतो तेव्हा दोन शिंपा मिटून धरणारा एक घट्ट स्नायू कापला जातो. खाताना शिंपीला चिकटून राहतो, दाताने ओढावा लागतो, तोच. त्या स्नायूपाशी बारीक सुई घालून शिंपल्याचं रक्त काढता येतं. रक्त म्हटलं तरी लाल नाही, जवळजवळ पाण्यासारखं. त्यातल्या पेशी काचेच्या पट्टीवर ॲगरोजच्या थरात बसवायच्या. ॲगरोज म्हणजे आपल्या चायना ग्रासच्या भावकीतला पदार्थ, दोन्ही समुद्री शेवाळातून येतात. मग पेशींचं आवरण विरघळवायचं, उरलेला डीएनए क्षारीय द्रावणात उलगडू द्यायचा आणि त्यातून वीज सोडायची. डीएनएवर ऋण भार असतो, म्हणून तो धन टोकाकडे सरकू पाहतो. धड डीएनए एवढा लांबलचक आणि गुंतलेला असतो की जागचा हलत नाही, गोल ठिपका दिसतो. तुटलेले तुकडे मात्र सुटतात आणि मागे शेपटी पसरते. चमकणारा रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की डोकं आणि शेपूट असलेलं शेंडेनक्षत्र दिसतं. म्हणूनच या चाचणीला कॉमेट म्हणतात. आज जगभर वापरतात ती क्षारीय पद्धत नरेंद्र सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मांडली. शेपूट जितकी लांब आणि ठळक, तितकी मोडतोड जास्त.

दुसरी चाचणी याहून गरीब आणि मला अधिक प्रिय. पेशी दुभंगताना गुणसूत्राचा तुटलेला तुकडा मुख्य केंद्रकात जायचा राहिला, तर तो बाजूला पडून स्वतःचं इवलं केंद्रक करतो. त्याला मायक्रोन्यूक्लियस म्हणतात, मराठीत सूक्ष्मकेंद्रक म्हणू. शिंपल्याच्या कल्ल्यांतल्या पेशी घ्यायच्या, काचेवर पसरायच्या, जिम्सा रंग द्यायचा आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजत बसायचं : एका शिंपल्याच्या निदान हजार पेशी, त्यांत किती पेशींच्या कुशीत असा ठिपका आहे. लागतं काय? जिम्सा, चांगला सूक्ष्मदर्शक, मान मोडून बसायची तयारी. कोकणातल्या विज्ञान कॉलेजांत पहिल्या दोन गोष्टी असतातच. तिसरी विद्यार्थ्यांना लावावी लागते, आणि लागते, हे मी अनुभवाने सांगते.

दोन्ही चाचण्या का, असं आपले शास्त्रज्ञ विचारणार नाहीत, पण लेखा विभाग विचारेल. डीएनए तुटला की पेशी तो दुरुस्त करू लागते. त्यामुळे कॉमेटमध्ये दिसते ती ताजी इजा. सूक्ष्मकेंद्रक म्हणजे दुरुस्त न होता पेशीच्या विभाजनातून पुढे आलेली इजा. एक आजचा ताप, दुसरा अंगात मुरलेला.

हे आपल्या किनाऱ्यावर जमेल का, ही शंका रास्त आहे. शेजारी बघा. गोव्यात दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या अनुपम सरकार आणि सहकाऱ्यांनी हरमल, वास्को ते थेट दक्षिणेच्या पाळोळ्यापर्यंतच्या खडकांवरचे समुद्री शंख गोळा करून त्यांच्या डीएनएचा अखंडपणा मोजला. पाळोळ्याचे शंख त्यांनी तुलनेसाठी धरले, आणि बंदराच्या बाजूच्या शंखांचा डीएनए त्यांच्या मानाने जास्त तुटलेला निघाला. हे काम २००८ मध्येच प्रसिद्ध झालंय. गोवा विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात मेरेट्रिक्स कास्टा या खाडीतल्या शिंपल्यावर कॉमेट आणि सूक्ष्मकेंद्रक दोन्ही चाचण्या करून झाल्यात. गोव्याच्या सीमेवरची तेरेखोल नदी ओलांडली की पाणी तेच, खडक तेच, शिंपलेही तेच. शोधनिबंध झाले, पदव्या मिळाल्या. राहिलं ते एवढंच, की एखाद्या सरकारी मंडळाने या चाचण्या आपल्या तपासणीच्या वेळापत्रकात घालाव्यात.

शंख-शिंपल्यांच्या साक्षीवर कायदे बदललेत, याचंही उदाहरण देते. फ्रान्सच्या आर्काशों उपसागरात सत्तरच्या दशकात कालवांची पैदास ढासळली आणि शिंपा वेड्यावाकड्या जाड होऊ लागल्या. दोषी निघाला होड्यांच्या बुडाला लावायचा रंग, त्यातलं ट्रायब्युटिल टिन. फ्रान्सने १९८२ मध्ये लहान होड्यांवर त्या रंगाला बंदी घातली. याच रंगामुळे जगभर समुद्री शंखांच्या माद्यांना नराचं लिंग उगवू लागलं. हा प्रकार भारतीय पाण्यात कुठल्या शंखात नोंदवला गेला माहीत आहे? गोव्यात मुरगावच्या बाजूला, १९९९ मध्ये, क्रोनिया कोंकणेन्सिस नावाच्या शंखात. नावातच कोकण. त्या रंगावरची जागतिक बंदी २००८ मध्ये अमलात आली. बोटी, बंदरं, रंगाच्या कंपन्या यांच्यासमोर बिचाऱ्या गोगलगायीची साक्ष टिकली. ही डीएनएची गोष्ट नाही, हे खरं. पण साक्षीदार तोच.

आता आपल्याच नियमपुस्तकाकडे येते, कारण मला सगळ्यात जास्त नवल तिथेच वाटतं. किनाऱ्याच्या पाण्याचे कायद्याने पाच वर्ग पाडले आहेत. त्यातला पहिला, एसडब्ल्यू-१, सर्वांत काटेकोर. तो कशासाठी? मिठागरं, सागरी शेती, संवेदनशील जागा आणि शिंपले गोळा करणं यांसाठी. म्हणजे पोहणाऱ्या माणसासाठी लागतं त्याहून चांगलं पाणी शिंपल्यासाठी लागतं, हे कायद्याने केव्हाच मान्य केलंय. याच वर्गात पारा, शिसं, कॅडमियम यांच्या मर्यादाही आहेत. शिंपल्याला एवढा मान देऊन शिंपल्यालाच विचारायचं तेवढं राहिलं. लग्नाच्या पत्रिकेत नाव पहिलं आणि पंगतीला पान नाही, त्यातली गत.

कुठे करायचं? जागा आपल्याला माझ्यापेक्षा चांगल्या माहीत आहेत. लोटे-परशुरामच्या रासायनिक वसाहतीचं पाणी दाभोळच्या खाडीत येतं. रोह्याचं कुंडलिकेत, महाडचं सावित्रीत, तळोज्याचं कासाडीतून पनवेलच्या खाडीकडे. ठाण्याची खाडी २०२२ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाली, तिथे फ्लेमिंगो मोजतात ते योग्यच आहे, त्यांच्या पायाखालच्या चिखलातले शिंपलेही थोडे तपासा. आणि प्रत्येक जागेच्या जोडीला एक स्वच्छ जागा हवीच, त्याच मोसमात, तितक्याच खारटपणाची. ती नसेल तर बाकीचं काम वाया गेलं असं समजा. शिंपल्याचा डीएनए प्रदूषणाशिवायही थोडाफार तुटतो. उन्हाने तापलेल्या चिखलात तुटतो, अंडी सोडायच्या दिवसांत बदलतो, म्हाताऱ्या शिंपल्यात वेगळा असतो. पावसाळ्यात तर खाडी जवळजवळ गोडी होते, शिंपला शिंपा मिटून दिवसेंदिवस बसून राहतो, त्या काळातला नमुना काही शिकवत नाही. म्हणून ठरावीक आकाराचे शिंपले, दिवाळीनंतर एकदा आणि पाऊस लागायच्या आधी एकदा. दर वर्षी तसंच. एका वर्षाच्या आकड्यावर बातमी होते. निर्णय घ्यायला पाच वर्षांची रांग लागते.

जिथे शिंपलेच उरले नाहीत तिथे काय, याचंही उत्तर आहे, आणि ते मला फार आवडतं. स्वच्छ जागचे शिनाणे आणायचे, जाळीच्या पिशव्यांत भरायचे आणि सांडपाण्याच्या नळाच्या तोंडापासून ठरावीक अंतरांवर महिनाभर टांगून ठेवायचे. आपल्याकडे शिनाण्यांची शेती दोरांवर होतेच, त्यामुळे टांगायचं कसं हे कुणी नव्याने शिकायला नको. महिन्याने काढून तपासायचे. सगळे एकाच जागचे, एकाच वयाचे, त्यामुळे वाद घालायला जागा कमी.

माणसं? रत्नागिरीत कोकण कृषी विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे, शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. कॉमेटचं काम त्यांच्याकडे द्यावं, कारण त्याला ताज्या पेशी, थंडावा, अंधार आणि फ्लुरोसंट सूक्ष्मदर्शक लागतो. सूक्ष्मकेंद्रकं मोजायचं काम डहाणू ते सावंतवाडी कॉलेजांना द्या. दहातली एक स्लाइड दुसऱ्या कॉलेजने पुन्हा मोजावी, नाव-गाव झाकून. मुलांना प्रकल्प पाहिजेच असतात. गुगलवरून उतरवलेल्या प्रकल्पांवर सह्या करून माझा हात दुखलेला आहे.

युरोपात हे नित्याच्या पाहणीत बसवण्याचा विचार केव्हाचा झालाय. सागरी संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने, आयसीईएसने, २०१२च्या मार्गदर्शक अहवालात या दोन्ही चाचण्यांना जागा दिली. म्हणजे नियमावलीही शून्यापासून लिहायची नाही.

घाई का, तेही सांगते. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया या बोटींची टक्कर झाली. शेकडो टन तेल सांडलं, रायगडच्या किनाऱ्यांपर्यंत गेलं, तिवरं काळी झाली, आणि लोकांनी मासे खायचे सोडले. अशा वेळी सगळे एकच विचारतात, आता पूर्ववत झालं का? पूर्व काय होतं ते लिहून ठेवलेलं असेल तरच त्याचं उत्तर देता येतं. अपघात झाल्यावर आधीचा नमुना घेता येत नाही. आणि मोठा अपघात व्हायलाच पाहिजे असंही नाही. दर वर्षी मे-जूनमध्ये वारा फिरला की आमच्या किनाऱ्यावर डांबराचे गोळे येतात, पोरांचे पाय रॉकेलने पुसावे लागतात. त्या डांबरात बेंझोपायरीनच्या जातीची रसायनं असतात, आणि ती डीएनएला जाऊन चिकटतात हे पाठ्यपुस्तकातलं ज्ञान आहे.

इथपर्यंतचं कदाचित आपल्याला मान्य होईल. पुढचं लिहिताना मी दोनदा थांबले.

आमच्या वाडीतली एक मावशी ओहोटीला चिखलात उतरते. कंबरेत वाकून, हाताने चाचपून मुळे काढते, टोपली भरली की बाजारात वाट्यांनी विकते. तिला मी या चाचणीबद्दल सांगितलं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "आनि तुजा कागद पेपरात आला, की माजी टोपली कोन घेनार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पुरतं नाही. 'तिसऱ्यांच्या डीएनएत बिघाड' असा मथळा आला, तर दुसऱ्या दिवशी बाजारात तिच्यासमोर कुणी उभं राहणार नाही. कारखान्याचं एक चाकही थांबणार नाही, हिचा संसार मात्र थांबेल. त्यामुळे एक गोष्ट स्वच्छ लिहून ठेवते. तुटलेल्या डीएनएचा शिंपला खाल्ल्याने खाणाऱ्याचा डीएनए तुटत नाही. शिंपल्याचा डीएनए आपल्या पोटात पचतो, धड असो की तुटका. धोका असला तर ज्या रसायनाने तो तुटला त्याचा, आणि ते मांसात किती आहे हे वेगळं मोजावं लागतं. पेशीतली इजा ही पाण्याविरुद्धची तक्रार आहे, शिंपल्याविरुद्धची नव्हे. हा फरक मंडळाने मराठीत, सोप्या भाषेत, निकालाच्या पहिल्या पानावर छापावा, आणि निकाल पत्रकारांच्या आधी खाडीवरच्या बायकांना वाचून दाखवावा. ज्या जागी इजा वाढलेली दिसेल तिथे मांसाची तपासणी लगेच, सरकारी खर्चाने. काढणी थांबवायची वेळ आलीच, तर मत्स्यव्यवसाय खात्याने त्या दिवसांची भरपाई द्यावी. या बायकांकडे बोट नसते, परवाना नसतो, त्यामुळे भरपाईच्या यादीत त्यांचं नाव कधी येत नाही. मच्छीमाराची व्याख्या बोटीपासून सुरू होते, ती टोपलीपासून व्हायला पाहिजे.

नमुने गोळा करायचं कामही यांनाच द्या, मजुरी देऊन. कुठल्या चिखलात किती वर्षांपूर्वी काय मिळत होतं आणि आता का मिळत नाही, हे त्यांना विचारल्याशिवाय जागा ठरवू नका. दर भरतीला पाण्याचा रंग बघणारी दुसरी यंत्रणा आपल्याकडे नाही.

सरकारने २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा केलं. आनंद आहे. शिंपल्यांना असला मान नको. त्यांची साक्ष तेवढी नोंदवून घ्या.

या पत्राच्या मूळ प्रतीसोबत एक स्लाइड जोडली आहे. आमच्या खाडीतल्या एका शिंपल्याच्या कल्ल्यांतल्या पेशी आहेत, जिम्साने रंगवलेल्या. एका स्लाइडवरून काही सिद्ध होत नाही आणि मी तसा दावाही करत नाही. पण आपल्या प्रयोगशाळेत तेलभिंग (तेलाचा थेंब घालून पाहायचं मोठ्या ताकदीचं भिंग) असेल, तर पट्टीच्या डाव्या बाजूला, शाईने गोल केलाय तिथे पाहावं. मोठ्या जांभळ्या केंद्रकाशेजारी एक लहान ठिपका दिसेल. मोजायला सुरुवात करताना नव्या मुलांना मी तोच आधी दाखवायची. पाकीट जपून उघडावं, काच पातळ आहे.

आपली,
खाडीकाठची एक निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षिका